नियोजनाच्या वाङ्मयातील पादचारी

दलित समीक्षेने मराठी साहित्याला विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: या वाङ्मयात माणूस म्हणून कोण वावरतो, आणि कोण नुसता पार्श्वभूमीला उभा असतो? या एका प्रश्नाने प्रस्थापित वाङ्मयीन मूल्यांची मुळे उघडी पडली. तोच प्रश्न मला आज एका वेगळ्या वाङ्मयाला विचारावयाचा आहे. हे वाङ्मय लेखक-कवी लिहीत नाहीत. नगररचनाकार, सल्लागार कंपन्या आणि सनदी अधिकारी लिहितात. मार्गदर्शक तत्त्वे, धोरण, आराखडा, प्रस्ताव ही त्याच्या प्रकारांची नावे. गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रांसह ते छापले जाते. मराठीच्या अध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. ज्या लेखनावरून आमच्या वस्तीतला माणूस शहरात राहणार की शहराबाहेर फेकला जाणार हे ठरते, ते वाचण्याची जबाबदारी अभियंत्यांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही, एवढेच माझे उत्तर आहे. कादंबरी वाईट निघाली तर वाचकाची एक संध्याकाळ वाया जाते. आराखडा वाईट निघाला तर एका पिढीची मजुरी वाया जाते.

२५ जून २०१५ रोजी केंद्र सरकारने 'स्मार्ट सिटी' योजना सुरू केली आणि ३१ मार्च २०२५ रोजी तिची मुदत संपली. देशातली शंभर शहरे तीत होती. महाराष्ट्रातली पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, सोलापूर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) ही आठ. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत ५०० कोटी रुपये आणि तेवढाच वाटा राज्य व महापालिकेने उचलायचा, असा हिशेब होता. या योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत 'पायी चालण्याजोग्या वस्त्या' हे एक ठळक वैशिष्ट्य म्हणून नोंदवलेले आहे. रस्ते केवळ मोटारींसाठी नसून पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठीही आहेत, आणि गरजेच्या सेवा चालत वा सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर असाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. त्याआधी २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्याच्या जागेची वाटणी वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने व्हावी, असे तत्त्व मांडले होते. पदपथ किमान १.८ मीटर रुंद व मोकळा असावा, हे इंडियन रोड्स काँग्रेसचे माप २०१२ पासून कागदावर आहे.

ही तत्त्वे चांगली आहेत, हे मी आरंभीच मान्य करतो. मोटारवाल्यांच्या सोयीलाच विकास समजणाऱ्या राज्यसंस्थेने चालणाऱ्या माणसाचे नाव घ्यावे, ही लहान गोष्ट नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. हा चालणारा माणूस कोण?

या आराखड्यांतली चित्रे पाहा. रुंद पदपथावर सावली आहे, बाके आहेत. एक तरुणी कानाला यंत्र लावून धावते आहे. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवीत आहेत. एक मूल शिरस्त्राण घालून सायकल चालवीत आहे आणि आईबाप कौतुकाने पाहत आहेत. ही माणसे चालतात ती आरोग्यासाठी, पर्यावरणासाठी, मनाच्या प्रसन्नतेसाठी. त्यांच्या घरी मोटार आहे आणि ती घरी ठेवून ती चालत निघाली आहेत, म्हणून त्यांच्या चालण्याला पुण्यकर्माचे तेज आले आहे. या वाङ्मयाचा नायक हा आहे. त्याच्या डोक्यावर पाटी नाही, हातात झाडू नाही, पायात तुटकी चप्पल नाही. त्याला कामावर पोहोचायला उशीर झालेला नाही.

आता जनगणनेतले शहर आणि गाव पाहा. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या सुमारे वीस कोटी कामगारांना, तुम्ही कामावर कसे जाता, असे विचारले. त्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक पायी जात होते आणि सुमारे १३ टक्के सायकलवर. मोटारीने जाणारे तीन टक्केही नव्हते. त्याच जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, मोटार ४.७ टक्क्यांकडे. म्हणजे पायी चालणे आणि सायकल चालवणे या देशाला कोणी शिकवावे अशी परिस्थिती नव्हती. कोट्यवधी लोक ते रोज करीत होते. त्याला कोणी 'शाश्वत वाहतूक' म्हणत नव्हते, कारण ते गरिबीचे लक्षण होते.

माझी आई कंत्राटावर रस्ते झाडीत असे. सकाळी सहाला आरोग्य कोठीवर हजेरी लागे, म्हणून ती पाचला वस्तीतून निघे. मुकादम कोठी बदलून देई तेव्हा तिचे चालणे दोन-दोन किलोमीटरांनी वाढे. मजुरी तेवढीच राही. वडील जुन्या बाजारातून घेतलेल्या सायकलवर कारखान्यात जात आणि रात्रपाळी सुटली की तीच सायकल हाकत परत येत. आमच्या घराने हवेत जेवढा कमी धूर सोडला असेल तेवढा कोणत्याही पर्यावरणवाद्याने सोडला नसेल. पण त्याबद्दल आमच्या घरी कोणी प्रशस्तिपत्र घेऊन आले नाही. तेव्हा चालणे दोन प्रकारचे असते हे आधी लक्षात घेतले पाहिजे: हौसेचे आणि नाइलाजाचे. हौसेने चालणारा कंटाळला तर मोटारीत बसतो. नाइलाजाने चालणारा कंटाळला तर त्याचा खाडा पडतो. नियोजनाच्या वाङ्मयाने पहिल्याला नायक केले आणि दुसऱ्याला आकडेवारीतही धड जागा दिली नाही.

आमच्या बाबतीत या भेदाला आणखी एक पदर आहे, तो जातीचा. रस्ता ही या देशात कधीच निरागस वस्तू नव्हती. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधलेला असे, आपलीच पावले मागे पुसत जाण्यासाठी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवले आहे. ज्या शहराला आज 'पादचारीस्नेही' व्हायचे आहे त्या शहराचा पादचाऱ्यांविषयीचा हा पूर्वेतिहास आहे. १९२४ साली त्रावणकोरातल्या वैकोम येथे सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे, एवढीच त्याची मागणी होती. वीस महिने माणसे तुरुंगात गेली, पुराच्या पाण्यात उभी राहिली, आणि अखेर चार रस्त्यांपैकी तीन मोकळे झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या मागून हजारो लोक चवदार तळ्याकडे चालत गेले. त्या चालण्याने काय केले हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

पण चालण्याइतकेच न चालणेही आमच्या इतिहासात आहे. त्रावणकोरातच १८९३ साली अय्यनकाळी बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून गेले, कारण गाडीत बसणे हा सवर्णांचा अधिकार मानला जाई. १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला आहे. स्टेशनापासून महारवाड्यात जायचे होते. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईनात. पाहुण्याने चालत यावे हे महारवाड्यातल्या लोकांना त्याच्या प्रतिष्ठेला साजेसे वाटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यातलाच नवखा माणूस. वाटेत मोरीवर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आजचा नगररचनाकार म्हणेल, अंतर थोडे होते, चालत जायला काय हरकत होती? हरकत अशी की, ज्याला शतकानुशतके चालायलाच लावले आहे त्याच्यासाठी वाहनात बसणे म्हणजे निव्वळ सोय नसते.

म्हणून वस्तीतल्या पोराने हप्त्यावर मोटारसायकल घेतली की त्याला चंगळवादी म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. तासिका तत्त्वावर मिळणाऱ्या मानधनातून मी पहिली मोटारसायकल घेतली तेव्हा वडिलांनी ती आधी गावी न्यायला लावली आणि ज्या आळीतून त्यांना चपला हातात घेऊन जावे लागे त्या आळीतून ती चालवायला सांगितली. नवरदेव घोडीवर बसला म्हणून अजूनही जिथे दगड पडतात त्या देशात वाहनाचा अर्थ इंधनाच्या हिशेबात मावत नाही. ज्याला मोटार सोडून सायकलवर यायचे आहे त्याने जरूर यावे. परंतु जो नुकताच सायकलवरून उतरला त्याला त्यागाचा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार या व्यवस्थेला नाही.

आता हे वाङ्मय जमिनीवर उतरते तेव्हा काय होते ते पाहू. स्मार्ट सिटीची विकासकामे सबंध शहरात पसरायची नव्हती. एक क्षेत्र निवडून तिथे पैसा ओतायचा होता. जुन्या भागाच्या सुधारणेसाठी ५०० एकरांहून मोठे क्षेत्र, असे माप होते. पुण्याने निवडले ते औंध-बाणेर-बालेवाडी. जनता वसाहत किंवा ताडीवाला रस्ता निवडला नाही. २०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गांचे जाळे असलेला सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या. त्या भ्रमणध्वनीवरून पैसे भरून उघडायच्या होत्या. आणणाऱ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळला. एकेकाळी हे सायकलींचे शहर होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. तो सायकलस्वार कामगार कुठे गेला, का गेला, त्याला रस्त्यावरून कोणी हुसकले, या प्रश्नाच्या उत्तराशिवाय काढलेली सायकलची योजना म्हणजे पेशंटला न तपासता लिहिलेले औषध होय.

मुंबई स्मार्ट सिटीच्या यादीत नाही, परंतु भाषा तीच आहे. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंतच्या झोपड्या काढण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. कारण जलवाहिनीच्या सुरक्षिततेचे होते. २०१७ साली महापालिकेने मोकळ्या होणाऱ्या त्याच जागेवर मुलुंडपासून पुढे ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग जाहीर केला. झोपड्यांतली हजारो कुटुंबे माहुलच्या इमारतींत पाठवली गेली. माहुलच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, आणि तिथल्या हवेचे दूषण राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच मान्य केले होते. ज्यांचे काम, शाळा, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होते ते लोक एका रात्रीत बस-रिक्षाच्या भाड्याला बांधले गेले. २०१८ च्या ऑक्टोबरात ते परत आले आणि विद्याविहारला जलवाहिनीजवळच्या फुटपाथवर आंदोलनाला बसले. २०१९ च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयाने, माहुलला राहू न इच्छिणाऱ्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्या, असा आदेश दिला. सायकल मार्ग मात्र रखडत राहिला. शुद्ध हवेच्या वाहनासाठी माणसांना अशुद्ध हवेत पाठवणे, यापेक्षा या वाङ्मयाची नेमकी समीक्षा मला करता येणार नाही.

कलकत्त्याचे उदाहरण याहून उघड आहे. २०१३ साली तिथल्या पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली. दूधवाले, वर्तमानपत्रवाले, सुतार, गवंडी, शिकवण्या करणारे असे सगळे सायकलवर पोट असणारे लोक त्यामुळे गुन्हेगार ठरले. आणि त्याच महानगराच्या कडेला वसवलेल्या न्यू टाऊनमध्ये, ते स्मार्ट सिटी म्हणून निवडले गेले असताना, सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आखले गेले. म्हणजे सायकल एकच. ती कोणाच्या मांडीखाली आहे यावर ती अडथळा ठरणार की प्रगती, हे ठरते.

२०२० साल तर सर्वांच्या डोळ्यांदेखत गेले. टाळेबंदीत सारी वाहने थांबली आणि या देशातला मजूर शेकडो किलोमीटर चालत निघाला. ८ मे रोजी पहाटे आमच्या मराठवाड्यात, करमाडजवळ, जालन्याहून मध्य प्रदेशाकडे निघालेले सोळा मजूर रुळांवर थकून झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्याच महिन्यात पंधरा वर्षांची एक मुलगी जायबंदी बापाला मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालवीत गेली. सायकलपटूंच्या महासंघाने तिला चाचणीसाठी बोलावले. तिच्या पायांत त्यांना खेळ दिसला. तिला ते पाय का वापरावे लागले हे दिसले नाही. ३ जून रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, साहिबाबादचा ॲटलस सायकलींचा कारखाना बंद पडला आणि कामगार घरी बसले. आणि २५ जून रोजी, स्मार्ट सिटी योजनेच्या वर्धापनदिनी, केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरांना सायकलस्नेही बनवण्याची स्पर्धा जाहीर केली! करमाड आणि ही स्पर्धा यांच्यात सात आठवड्यांचेही अंतर नव्हते. एकाही आराखड्यात करमाडचा उल्लेख 'पादचाऱ्यांची सुरक्षितता' या सदराखाली यायला हवा होता असे कोणाला वाटले नाही.

इथपर्यंत वाचून आपले काही कार्यकर्ते म्हणतील, मग हे पदपथ आणि सायकल मार्ग पांढरपेशांचे चोचले आहेत, आपण त्यांना सरळ नकार द्यावा. मला हे मान्य नाही. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी आणि ४,८०० हून अधिक सायकलस्वार होते. रस्त्यावर पायी कोण असते हे आपण वर पाहिले. पदपथ नसण्याची किंमत आपल्याच घरातून वसूल होते. तेव्हा पदपथ नाकारणे हा विद्रोह नव्हे. पदपथावर हक्क सांगणे हा विद्रोह आहे.

या हक्काला कायद्याचा आधारही आहे, पण तो दुधारी आहे. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. आणि त्याच निकालात फुटपाथ हा चालण्यासाठी असतो, राहण्यासाठी नव्हे, असे म्हणून झोपड्या हटवायला परवानगीही दिली. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा अनुच्छेद २१ खालचा हक्क आहे, असे सांगून पदपथ मोकळे करण्याचा आग्रह धरला. दोन्ही निकालांत पादचारी आणि फुटपाथवरचा माणूस हे जणू दोन वेगळे प्राणी आहेत. प्रत्यक्षात भाजीची पाटी मांडणारी बाई पहाटे त्याच पदपथावरून चालत आलेली असते आणि तिचे गिऱ्हाईकही पायीच येते. मोटारवाला तिच्यापाशी क्वचितच थांबतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. पदपथाचे चित्र काढताना ही समिती किती ठिकाणी बसवली गेली, हा प्रश्न आपण प्रत्येक शहरात विचारला पाहिजे. चालणाऱ्याच्या नावाने पथारीवाल्याला उठवणे म्हणजे एका गरिबाच्या हातून दुसऱ्याला मारणे होय. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत शेवटी मोटारी उभ्या राहतात, हा सर्वांचा रोजचा अनुभव आहे.

माझ्या मते चालण्याच्या कोणत्याही योजनेची कसोटी एकच आहे. ज्याला चालल्यावाचून गत्यंतर नाही, तो माणूस या योजनेनंतर शहरात राहतो काय, आणि त्याचा रस्ता पूर्वीपेक्षा सुखाचा होतो काय? या कसोटीवर रंगवलेला सायकल पट्टा फारसा टिकत नाही. पुनर्वसनाची जागा कुठे आहे हा प्रश्न मात्र लगेच पुढे येतो. कामाजवळचे घर तोडून माणसाला पंधरा किलोमीटरवर टाकले की त्याचे चालणे संपतेच, त्याच्यासाठी कितीही सुंदर पदपथ बांधला तरी. म्हणून घर हा वाहतुकीचा पहिला प्रश्न आहे, आणि स्वस्त बस हा दुसरा.

याच कसोटीने पाहिले तर पदपथाचे काम कुठून सुरू व्हावे हेही स्पष्ट होते. वस्तीतून मजूर अड्ड्याकडे, आरोग्य कोठीकडे, महापालिकेच्या शाळेकडे, बसथांब्याकडे जाणारे रस्ते आधी घ्यावे लागतील. त्यांवर पहाटे दिवा हवा, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवे. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक स्त्रिया दारोदारचा कचरा ढकलगाडीवरून नेतात. पदपथाला उतार आहे की उंच पायरी, मधे लोखंडी खांब किती अंतरावर रोवले आहेत, हे त्यांच्याइतके कोणत्याही सल्लागाराला कळत नाही. पण स्मार्ट सिटीची कामे करायला कंपनी स्थापन झाली, महापालिकेचे अधिकार तिच्याकडे वळवण्याची तरतूद झाली, आणि राखीव प्रभागातून निवडून आलेली बाई सभागृहात प्रश्न विचारायला उभी राहीपर्यंत निर्णय कंपनीच्या बैठकीत होऊन गेलेला असे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जे हातात दिले होते ते असे सौजन्याने काढून घेतले गेले.

योजनेची मुदत संपली आहे. वाङ्मय संपलेले नाही. नव्या नावाने नवे आराखडे येत राहतील आणि त्यांवर हरकती-सूचना मागवण्याची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येत राहील. विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की ती जाहिरात शोधून काढावी आणि मुदतीत हरकत नोंदवावी. त्याआधी एक काम करावे. सर्वेक्षणवाले बहुधा सकाळी नऊनंतर चौकात उभे राहून वाहने मोजतात. आपण पहाटे पाच वाजता वस्तीच्या तोंडाशी उभे राहावे आणि माणसे मोजावीत: किती बाया, किती पुरुष, किती सायकली, कोण कुठे निघाले आहे, किती लांब, वाटेत रस्ता कुठे ओलांडावा लागतो. आठ दिवसांचा हा हिशेब वहीत लिहून हरकतीला जोडावा. नियोजनाच्या वाङ्मयात आपला माणूस दुसरे कोणी लिहिणार नाही.